खाणीच्या पट्ट्यात घर तडकलं, तर सिद्ध कुणी करायचं?

जुळे_सोलापूर : माझ्या नणंदेचं घर चंद्रपूर जिल्ह्यात, भूमिगत कोळसा खाणीच्या पट्ट्यात आहे. दिवाळीत जाऊन आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली भेग जोत्यापर्यंत उतरलीय, माझ्या करंगळीचं टोक आत जातं. देवघराची चौकट तिरकी झाल्यानं कडी लागत नाही. खाणवाल्यांचं लेखी उत्तर आलं : बांधकाम निकृष्ट, खाणीचा संबंध नाही. दावा लावायचा तर पुरावा तिनं आणायचा. कुठून आणणार? खाली कोळसा कुठवर काढला, आधाराला कोळशाचे खांब किती ठेवले, पोकळीत वाळू भरली का, हे सगळे नकाशे त्यांच्याच कपाटात! ऑगस्ट २०२२ मध्ये याच जिल्ह्यात घुग्घुसला अख्खं घर जमिनीत गेलं, ते आठवा. अशा पट्ट्यात 'आमच्यामुळे नाही' हे खाणीनंच सिद्ध करायला हवं.

साईटवरचा : ताई, वाचून वाईट वाटलं, पण हे पटत नाही. आपल्या सोलापुरात कोळशाची खाण नाही, तरी काळ्या मातीवरची तडकलेली कितीतरी बैठी घरं दाखवतो. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंत गेलीच. सगळ्याच भेगा खाणीच्या नावावर टाकल्या, तर ज्याचं घर खरंच खचतंय त्याच्याकडेही संशयानं बघतील. आधी भेगेवर पीओपीचा पट्टा मारा, त्यावर तारीख घाला. मातीची भेग ऋतूप्रमाणे उघडमीट करते. जमीन खचत असेल तर भेग रुंदावत जाते, बाहेर रस्त्यालाही तडा दिसतो.

जुळे_सोलापूर : रस्त्यालाही आहे की ओ दादा! आणि माती कारण असेल, तर खाणीनं ते मोजून दाखवावं. त्यांच्याकडे सर्व्हेअर आहेत, हिच्याकडे कोण आहे?

काळा_कोट : वकिली करते म्हणून लिहिते. कोळसा खाणींमुळे जमीन खचण्याबद्दलच्या ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात ताईंचंच म्हणणं आहे : नुकसान खचण्यासारखं दिसलं, की ते तसं नाही हे खाणीच्या बाजूनं दाखवायचं. जर्मनीच्या खाणकायद्यातही भूमिगत खाणीच्या टापूपुरतं तसंच गृहीत धरतात. आपल्याकडे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर. मात्र खाणकाम जुनं म्हणून दावा लावायची मुदत गेली, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम २३ बघा, मुदत नुकसान झाल्यापासून मोजतात. त्याआधीच्या १९०८ च्या मुदत कायद्यात तर याचं उदाहरणच कोळशाचं होतं : खालून कोळसा काढला, वर लगेच काही दिसलं नाही, शेवटी जमीन खचली, मुदत खचल्यापासून सुरू. नकाशे हजर करा असा अर्ज दाव्यातच देता येतो. पाहणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन अहवाल देणारा कोर्टाचा माणूसही मागता येतो.

साईटवरचा : कमिशनरचं एकदम मान्य. भार उलटवायला मात्र माझा विरोधच. बंद पडलेल्या खाणीचं सिद्ध कोण करणार?

जुळे_सोलापूर : आणि त्या बंद खाणीवर राहणाऱ्या बाईनं कसं करायचं? पट्टा आजच मारायला सांगितलाय. वकीलताई, त्या अर्जात नेमके कुठले नकाशे मागायचे, तेवढं लिहा.