गोल्फ: मैदानी खेळ की उभ्याने खेळायचा बैठा खेळ?

शंकासूर:
रविवारी मित्राकडे टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. पाऊण तास बघितलं. तेवढ्या वेळात एका खेळाडूने चार फटके मारले. उरलेला वेळ तो चालला, चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं, कॅडीशी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाशी, कुजबुजला आणि पुन्हा चालला. मी म्हटलं, याला काय खेळ म्हणायचं? तिथून जे पेटलं ते जेवणं होईपर्यंत विझलं नाही.

इंग्रजीवाले स्पोर्ट आणि गेम असे दोन शब्द घेऊन भांडतात. आपल्याकडे कुस्तीही खेळ, सापशिडीही खेळ आणि नशिबाचाही खेळच. पण आपली वाटणी वेगळी आहे आणि मला ती जास्त सोयीची वाटते: मैदानी आणि बैठे. गोल्फला मैदान लागतं एवढ्यावरून त्याला मैदानी म्हणणं म्हणजे अंगणात पत्ते कुटले म्हणून रमीला मैदानी म्हणण्यासारखं आहे.

माझी कसोटी साधी. समोरचा तुम्हाला अडवू शकतो का, आणि धाप लागते का? गोल्फमध्ये दोन्हींचं उत्तर नाही. १४ काठ्यांची पिशवीसुद्धा कॅडी वाहतो, वर कुठली काठी काढायची हेही बऱ्याचदा तोच सुचवतो. कौशल्य अफाट आहे, मान्य. ते कॅरममध्येही आहे. तेव्हा माझ्या लेखी गोल्फ हा उभ्याने खेळायचा बैठा खेळ. बोला आता.

खडीसाखर:
ऑलिंपिकमध्ये आहे, विषय संपला. १९०० आणि १९०४ ला होतं, मग थेट २०१६ ला रिओत परत आलं. टोकियोत अदिती अशोक चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. त्या दिवशी पहाटे उठून बघत होतो ना सगळे? तेव्हा बरं कुणाला बैठा खेळ आठवला नाही.

शंकासूर:
ऑलिंपिकचा दाखला जरा जपून. १९१२ ते १९४८ या काळात चित्रकला, शिल्पकला, संगीत आणि साहित्यालाही ऑलिंपिक पदकं मिळत होती. म्हणून कविता मैदानी झाली का?

मधलीसुट्टी:
काही कवींचा ऐकवण्याचा दम मैदानीच असतो. (हलके घ्या.)

उजवाखांदा:
धागाकर्त्याने काठी हातात तरी धरली आहे का कधी? मी दीड वर्षापूर्वी शिकायला गेलो होतो. क्रिकेटसारखा चेंडू अंगावर येत नाही, समोर निमूट बसलेला असतो, त्यात काय अवघड, असंच मलाही वाटायचं. पहिल्या फटक्याला काठी चेंडूच्या चार बोटं मागे जमिनीत घुसली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसरा फटका नुसताच हवेत. तिसरा चेंडूच्या टाळक्याला लागला, बिचारा सरपटत दहा पावलं गेला आणि थांबला. शेजारी साठीच्या एक बाई एकामागून एक चेंडू लांबच्या पाटीपर्यंत पोचवत होत्या, चेहऱ्यावर सुरकुतीही न हलवता.

शिकवणारा म्हणाला, हाताने मारू नका. मग कशाने? तर आधी कंबर वळते, मागोमाग खांदे, हात सगळ्यात शेवटी, चाबकाच्या टोकासारखे. क्रम चुकला की सगळी ताकद वाया. साठ-सत्तर चेंडू मारून घरी आलो तर डाव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड. दुसऱ्या दिवशी सकाळी बरगड्यांखाली अशी कळ, की शिंकताना पलंगाचा कठडा धरावा लागला. बुद्धिबळात हरल्यावर माझं फक्त मन दुखतं.

आणि समोरच्याने अडवलंच पाहिजे ही कसोटी लावायची तर लांब उडी बाद, गोळाफेक बाद. नीरज चोप्राचा भाला कोण अडवतं?

खडीसाखर:
+१. भाल्याला उत्तर द्या आधी.

शंकासूर:
भाला बिनतोड. अडवण्याची कसोटी मागे घेतो. पण धापेचं काय? २००९ ची ब्रिटिश ओपन घ्या. टॉम वॉटसन, वय ५९, खुब्याचा सांधा बदलून वर्षही झालेलं नाही, आणि हा गडी शेवटच्या होलवर आघाडीवर. तो शेवटचा पट (होलजवळचा हलका फटका) आत गेला असता तर जिंकलाच होता, बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरला. टायगर वुड्सने तर २००८ ची यूएस ओपन गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला आणि नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना जिंकली. मोडक्या पायाने एवढी मोठी स्पर्धा जिंकता येत असेल तर त्या खेळात पायाला काम किती?

उजवाखांदा:
किती ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. काही फटक्यांनंतर अक्षरशः कळवळायचा. बरोबरी झाल्यामुळे सोमवारी आणखी १८ होल, मग वर एक, असे एकूण ९१ होल खेळला. त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया आणि उरलेला मोसम घरी. तुम्ही धाप मोजताय, मी तोल आणि झटका मोजतोय. वेटलिफ्टरला तरी कुठे तासभर धाप लागते?

वकीलपत्र:
हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे, थट्टा नाही. केसी मार्टिन या व्यावसायिक गोल्फरच्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता, चालणं म्हणजे यातना. त्याने स्पर्धेत गाडी वापरायची परवानगी मागितली. स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूर या संस्थेचं म्हणणं, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग. २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी मार्टिन जिंकला. पाच मैल चालणं, तेही पाचेक तासांत थांबत थांबत, सुमारे ५०० कॅलरी. एवढ्याला थकवा म्हणता येत नाही अशी साक्ष झाली होती. खेळाचा गाभा फटक्यात आहे, चालण्यात नाही, असा बहुमताचा सूर.

मला मात्र न्यायमूर्ती स्कालियांचं विरोधी मत जास्त पटतं. खेळाचे नियम मुळातच मनमानी, मग त्यातला गाभ्याचा कुठला आणि वरवरचा कुठला हे ठरवणारे न्यायाधीश कोण?

शंकासूर:
म्हणजे चालणं गौण आहे हे कोर्टानेच सांगितलं! मी जिंकलो.

वकीलपत्र:
घाई नको. गौण चालणं ठरलं, फटका नव्हे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०११ पर्यंत जखमी फलंदाजाला रनर मिळायचा. १९९७ ला चेन्नईत सईद अन्वरने आपल्याविरुद्ध १९४ काढल्या, त्यातल्या बऱ्याच धावा त्याच्यासाठी आफ्रिदी पळाला. ती खेळी बैठी होती का, हे आपल्या गोलंदाजांना विचारून या.

मधलीसुट्टी:
जखमेवर मीठ. धाग्याचं नाव बदला आता.

चिंतातुर:
माझा आक्षेप वेगळाच आहे. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेत रॉबर्टो दि व्हिसेन्झोने १७व्या होलवर ३ फटके घेतले. जोडीदाराने कार्डावर ४ लिहिले आणि याने न तपासता सही ठोकली. नियमाप्रमाणे सही केलेला जास्तीचा आकडाच धरला गेला आणि प्लेऑफ हुकला. ३ फटके सगळ्यांनी डोळ्यांनी बघितले होते! मैदानी की बैठा ते तुम्ही ठरवा, मला ही सरकारी कचेरी वाटते.

खडीसाखर:
दुसरी बाजूही आहे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. चेंडू किंचित हलला होता, त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. पुढे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये हरला. इथे अपील करून पंचाच्या अंगावर धावून जाणारे खेळाडू आठवा जरा.

चिंतातुर:
तो सद्गुण झाला. प्रश्न खेळाचा होता.

मधलीसुट्टी:
अवांतर: लोक धनुर्विद्येचा सराव सोडून भलत्याच नादी लागतात म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये बंदी घातली. फुटबॉल आणि गोल्फ, दोन्हींवर, एकाच दमात. त्यांना तरी यात फरक दिसला नव्हता.

शंकासूर:
मित्राला धागा वाचायला दिला. तो वाद घालायला तयार नाही, म्हणतो शनिवारी सकाळी चल, शंभर चेंडूंची टोपली मी भरतो. जातोय. तोवर मत कायम: उभ्याने खेळायचा बैठा खेळ.

उजवाखांदा:
रविवारी शिंक आली तर कठडा धरा.