शब्दचर्चा : क्वेडलिनबुर्गचा ‘मठ’ की ‘संस्थान’?

प्रश्न : जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवरील संग्रहालयाची माहिती मराठीत करायची आहे. तिथल्या ‘श्टिफ्ट’ला, म्हणजे स्त्रियांच्या जुन्या धार्मिक संस्थेला, मठ आणि तिथल्या स्त्रियांना नन म्हणावं का?

– ‘नन’ नकोच. त्या कायमची व्रतं घेत नसत. स्वतःची मालमत्ता बाळगत, लग्नासाठी बाहेरही पडू शकत. शिवाय 1540च्या सुमारास ही संस्था लूथरपंथी (प्रोटेस्टंट) झाली आणि तशीच पुढे अडीच शतकं चालली. वसईकडचा ‘धर्मभगिनी’ हा शब्दही इथे बसत नाही, कारण त्यात व्रतं गृहीत असतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या जोगिणी व्रतस्थ होत्या, तिथे तो चालेल. इथे ‘मठवासिनी’ लिहा आणि व्रतांचा खुलासा पहिल्याच उल्लेखात करा.

– ‘श्टिफ्ट’ला मात्र ‘संस्थान’च म्हणावं. चिंचवडचं देवस्थान आणि सांगलीचं राज्य या दोन्हींना आपण संस्थान म्हणतो, आणि क्वेडलिनबुर्ग या दोन्ही अर्थांनी संस्थान होतं. जर्मन राजा पहिला ऑटो याने आई माटिल्डे हिच्या आग्रहावरून 936 साली ते स्थापन केलं, वडील हाइनरिश यांच्या समाधीपाशी. 994 साली त्याला बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकातीचा हक्क मिळाला. सम्राट तिसरा ऑटो 997 साली इटलीत गेला, तेव्हा मागे जर्मनीचा कारभार इथल्याच प्रमुख, त्याची आत्या माटिल्डे, पाहत होती. 1477 साली तेव्हाची प्रमुख हेडविग हिने भावांचं सैन्य आणून बंडखोर शहर नमवलं. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत संस्थानाला आसन आणि मत होतं. शेवट सांगायलाही आपला शब्द तयार आहे : 1803 साली संस्थान खालसा होऊन प्रशियाकडे गेलं.

– पण नुसतं ‘संस्थान’ म्हटलं की प्रार्थना आणि सेंट सेर्वाटिउसचं चर्च नजरेआड होतं. ‘मठ-संस्थान’ लिहा. प्रमुखाला ‘राणी’ म्हणू नका, कारण पद वंशपरंपरेचं नव्हतं, मठवासिनी निवडणूक करत. ‘मठाध्यक्षा’पेक्षा ‘मठाधिपती’ बरं, त्यात सत्ता आहे. क्रियापदातून लिंग कळतं : ‘मठाधिपती हेडविग शहरावर चालून गेल्या.’

– दुय्यम पद ‘प्रोप्स्टिन’. आउरोरा फॉन क्योनिग्समार्क 1700पासून त्या पदावर होत्या. ‘कारभारीण’ लिहिलंत तर वाचक कुणाची तरी बायको समजेल. ‘उपाधिपती’ सुटसुटीत आहे.

– इमारतीला ‘किल्ला’ म्हणू नका. आज दिसतो तो मठाधिपतींचा राहता वाडा. ‘गढीवरचा वाडा’ म्हटलं तर उंचीही कळते.