मदत हवी आहे: बाबांचा सीपॅप आणि अशक्तपणा

बाबा ७४ वर्षांचे, स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला, म्हणजे झोपेत तासाला ३८ वेळा श्वास अडकतो किंवा कमी पडतो, ३० च्या वर गेला की सिव्हिअर धरतात. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन) घेतलंय पण रात्री कवळी काढली की गाल आत जातात न मास्कमधून हवा फुसफुसत डोळ्यात जाते, मग दोनला उठून काढून ठेवतात, ४ तास पण होत नाहीत. त्यात वर्षभरात वजन उतरलंय, खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठवत नाही, आई म्हणते वय झालं, मला नाही पटत. कुणाच्या घरी सीपॅप नीट सुरू झाल्यावर चालणं, ताकद सुधारली का? की फिजिओ आणि प्रोटीन वेगळंच बघावं लागलं? कवळीवाल्यांना कुठला मास्क बसतो?