मदत हवी आहे: १, २, ४, ८ नंतर १५ कसे?

पालक_पाचवी:
मुलीच्या शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकेत १, २, ४, ८ या मालिकेतील पुढचे पद विचारले आहे. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येची दुप्पट आहे हे ओळखून तिने १६ लिहिले; परंतु उत्तरसूचीत १५ छापले आहे आणि स्पष्टीकरणाची एक ओळही दिलेली नाही. शिकवणीत ‘सूचीत आहे तेच पाठ कर’ असे सांगितल्यामुळे ती हिरमुसली आहे. रविवारी सराव परीक्षा असल्याने कृपया लवकर कळवावे.

रोखठोक:
उत्तरसूचीत छपाईच्या चुका नेहमीच्याच असतात. १६ हेच बरोबर आहे. प्रकाशकाला पत्र लिहा आणि पुढच्या वेळी दुसरे पुस्तक घ्या.

फळा_खडू:
एवढ्यावरून छपाईला दोष देणे घाईचे होईल. चारच पदे दिली असतील, तर दुप्पट हा नियम जसा बसतो तसे इतरही नियम बसतात. वर्तुळावर क्रमाने एक, दोन, तीन, चार, पाच बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना रेषाखंडांनी जोडत गेले, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ भाग होतात. येथवर दुप्पट निर्विवाद वाटते, पण सहाव्या बिंदूला ३२ न मिळता ३१ भाग मिळतात. म्हणून विचारतो, पर्याय कोणते होते आणि प्रश्नचिन्हानंतर आणखी काही छापले होते का?

मात्रावृत्त:
मालिकांचा विषय निघालाच आहे, तर मुलीला १, २, ३, ५, ८ ही मालिका अवश्य शिकवा. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, असे धरून ठरावीक मात्रांच्या ओळी किती प्रकारे रचता येतात हे मोजताना जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात तिचा नियम सांगितला होता, आणि ही मालिका ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्यानंतरचा आहे.

रोखठोक:
प्रश्नातील मालिकेत ८ च्या आधी ४ आहे, ५ नाही. परीक्षा रविवारी आहे. हेमचंद्र सोमवारी शिकवता येईल.

पालक_पाचवी:
पर्याय १४, १५, १६ आणि १८ असे आहेत. प्रश्नचिन्हानंतर २६ आणि ४२ छापले आहेत, परंतु विचारलेले पद त्यांच्या आधीचे असल्यामुळे ते येथे लिहिण्याची गरज वाटली नाही.

जुनी_वही:
सगळा प्रश्न त्या दोन संख्यांतच आहे, ताई. मालिका १, २, ४, ८, १५, २६, ४२ अशी एका ओळीत लिहा आणि शेजारशेजारच्या पदांतील फरक खाली मांडा: १, २, ४, ७, ११, १६. या फरकांचे फरक पुन्हा काढले, की १, २, ३, ४, ५ मिळतात. १५ च्या जागी १६ ठेवल्यास पहिले फरक १, २, ४, ८, १०, १६ आणि दुसरे १, २, ४, २, ६ असे येतात, ज्यांना कोणतीच शिस्त नाही. ७५ प्रश्नांना ९० मिनिटे असतात, त्यामुळे मुलांचा हात दुप्पट दिसताच पर्यायाकडे जातो. प्रश्न काढणाऱ्याने १६ हा पर्याय मुद्दाम ठेवला असावा.

फळा_खडू:
सहमत आहे. केक सुरीच्या सरळ कापांनी, मधले तुकडे न हलवता, कापला तर चार कापांत जास्तीत जास्त १५ तुकडे होतात, कारण ही मालिका त्याच मोजणीची आहे. तीन कापांपर्यंत मात्र तुकडे खरोखरच दुप्पट होत जातात.

पालक_पाचवी:
तिने फरक मांडून ४२ नंतरचे पद ६४ काढले. आता तिचे म्हणणे असे, की ६४ दुप्पटीच्या मालिकेतही येते, तर दोन्ही मालिका पुन्हा एकच झाल्या का?

जुनी_वही:
नाही. दुप्पटीत ६४ हे सातवे पद आहे, येथे आठवे. दोन्ही मालिका एकीखाली एक लिहून प्रत्येक पदाला क्रमांक द्यायला सांगा, आणि यापुढे प्रश्नचिन्हाच्या उजवीकडची पदे आधी वाचायची सवय लावा.