स्पेनचा ऑलिव्ह पुरवठा: पाया खचतोय की नेहमीचा चढउतार?

आकडेमोड
2024/25 च्या हंगामात स्पेनचं ऑलिव्ह तेल परत 14 लाख टनांच्या वर गेलं आणि 'संकट टळलं' असं बोललं जाऊ लागलं. मला ते अजिबात पटत नाही. 2021/22 ला जवळपास 15 लाख टन, पुढच्या वर्षी साधारण 6.65 लाख, त्याच्या पुढे 8.5 लाख. ऑलिव्ह वर्षाआड बहरतं हे मान्य. पण मग दोन वर्षांची सरासरी काढा. 2012/13 ला 6.2 लाखच झालं होतं, तरी लगेच 2013/14 ला 17.8 लाख आलं. सरासरी 12 लाख. 2022 ते 2024 या जोडीची सरासरी 7.6 लाखांच्या आसपास. पडत्या वर्षानंतर झाड भरायला हवं होतं, ते भरलं नाही. याला बहराचं चक्र कसं म्हणणार?

जुनी_बाग
चक्र नाही, दुष्काळ. आणि तो पहिल्यांदा आलेला नाही. 1990 च्या दशकातल्या दुष्काळात 1995/96 ला उत्पादन 3.4 लाख टनांवर आलं होतं. त्याआधीची दोन वर्षंही साडेपाच लाखांच्या घरातली. पाऊस परतला आणि 1997/98 ला आकडा 10 लाखांवर गेला. तेव्हाही पाया खचलाय असंच वाटलं असतं. आज दुष्काळी वर्षाचं उत्पादनही त्या काळातल्या पडत्या वर्षाच्या दुप्पट आहे. लागवड वाढलीय, ठिबक आलंय. तीस वर्षांची रेषा वरच जाते.

मोहोर_निरीक्षण
@जुनी_बाग, पाऊस परतला की सगळं परततं हे गृहीतक आता धोक्याचं आहे. 27 एप्रिल 2023 ला दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशातल्या कोर्दोबाच्या विमानतळावर 38.8 अंश नोंदले गेले. आंदालुसियात मोहोर एप्रिलअखेर ते मे महिन्यात येतो. त्या दिवसांत गरम कोरडा वारा सुटला की परागकण वाळतात, फलन होत नाही. झाड लांबून लगडलेलं दिसतं. जवळ जाऊन फांदी पाहिली तर मिरीएवढ्या गोल, बिनकोयीच्या फळांचे घोस. त्यातली बरीच काढणीआधीच गळतात, उरतात त्यांत तेल जेमतेम. अशा वेळी जमिनीत ओल असून भागत नाही. शिवाय हिवाळा पुरेसा थंड नसेल तर मोहोर मुळातच कमी आणि मागेपुढे येतो. दुष्काळ दोन वर्षांनी जाईल, तापमान खाली येणार नाही.

जुनी_बाग
मोहोराचा मुद्दा रास्त आहे. पण जात आणि जागाही बघा. आंदालुसियातल्याच हाएन प्रांतातल्या पिकुआल जातीच्या डोंगरउतारावरच्या बागा आणि सपाटीवरच्या आर्बेकिना जातीच्या नव्या ओळी एकाच मापाने मोजू नका. जुन्या पद्धतीत हेक्टरी 70 ते 100 झाडं, अतिसघन लागवडीत 1500 ते 2000. ही झाडं तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतात, ओळीवरून चालणारं यंत्र काढणी उरकतं. जुनी बाग कमी पडली तर ती तूट इथून भरून निघते.

पाणीवाटप
भरून निघते, पाणी असेल तर. आंदालुसियातल्या ग्वादाल्किविर नदीच्या खोऱ्यात ऑलिव्हला नेहमीच्या वर्षी हेक्टरी 1500 घनमीटरच्या आसपास पाणी धरतात. अतिसघन बागेला त्याहून बरंच जास्त लागतं, आणि धरणं रिकामी झाली की कोट्यात मोठी कपात होते. देशातल्या ऑलिव्हचं जेमतेम एक तृतीयांश क्षेत्र ओलिताखाली आहे. म्हणजे तूट भरून काढायची जबाबदारी ज्या बागांवर टाकताय, त्याच दुष्काळात आधी तहानतात. ओलिताच्या सपाट जमिनीत, विशेषतः जिथे आधी कापूस होता, व्हर्टिसिलियम बुरशीने झाडं वाळतात ते वेगळंच.

गाळप_हंगाम
दोन्ही बाजू फक्त तेलाचे आकडे घेताहेत. फळांचा पुरवठा आणि तेलाचा पुरवठा एक नाही. पूर्ण पिकलेल्या पिकुआलचा तेलाचा उतारा, म्हणजे फळांच्या वजनातून निघणारं तेल, 20 ते 22 टक्के. ऑक्टोबरमध्ये हिरवी फळं गाळली तर 12 ते 15 वरही येतो. हल्ली लवकर काढणीचं, चढ्या भावाचं तेल वाढतंय, त्यामुळे तेवढ्याच फळांत तेल कमी दिसतं. ओहिब्लांका जातीची फळं लोणच्यालाही जातात आणि घाण्यालाही, त्यामुळे भावानुसार वाटा हलतो. आणि हंगाम संपतानाचा, म्हणजे 30 सप्टेंबरचा, शिल्लक साठा धरल्याशिवाय बाजारातल्या पुरवठ्याबद्दल बोलूच नये. 2022/23 ला जुना साठा हाताशी होता, पुढच्या वर्षी तो आटला. म्हणूनच उत्पादन वाढूनही जानेवारी 2024 मध्ये एक्स्ट्रा व्हर्जिन या सर्वांत वरच्या प्रतीच्या तेलाचा उत्पादकाकडचा भाव किलोला 9 युरोंवर गेला.

आकडेमोड
साठ्याचा मुद्दा मान्य, भावाचं कोडं त्यानेच सुटतं. पण साठा आटला तो सलग दोन पिकं गेल्यामुळेच. @जुनी_बाग, उतारावरच्या ज्या बागांत यंत्र चढत नाही, त्यांचा किलोमागचा खर्च अतिसघनच्या कितीतरी वर आहे. 2025 मध्ये भाव 4 युरोंच्या खाली आल्यावर तिथली छाटणी आणि खत आधी थांबतं. छाटणी चुकली की जुनं लाकूड वाढतं, नवे फुटवे कमी येतात, आणि फळ धरतं ते मागच्या वर्षीच्या फुटव्यावरच.

जुनी_बाग
मग हे हवामानाचं नाही, खर्चाचं कारण झालं. त्याला उपाय आहे: उतारावरच्या बागांना क्षेत्रावर नव्हे, उताराच्या टक्क्यावर अनुदान द्या. 20 टक्क्यांच्या पुढच्या उताराला वेगळा दर ठेवा.