दोन आकडे वेगळे आले म्हणून एक खोटा ठरत नाही

एकाच भागातल्या दोन पाहण्यांत तीव्र कुपोषणाचं प्रमाण इतकं वेगळं कसं, असं बरेचदा विचारलं जातं. बऱ्याचदा कारण साधं असतं: एकीने दंडघेर (दंडाच्या मध्यावरचा घेर) मोजलेला असतो, दुसरीने उंचीनुसार वजन. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 115 मिमीपेक्षा कमी किंवा उंचीनुसार वजन उणे 3 एसडीच्या (प्रमाण विचलन, म्हणजे त्या उंचीच्या निरोगी मुलांच्या मधल्या वजनापासूनचं अंतर मोजायचं एकक) खाली, यातलं एक असलं तरी मूल तीव्र कुपोषित. पण दोन्ही कसोट्या तीच तीच मुलं पकडत नाहीत. दंडघेरात लहान वयाची जास्त सापडतात.

मोजण्यातही घोळ होतो. डावा कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक ते कोपराचं टोक यांच्या मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. पट्टी आवळून कातडीला वळी पडली की 116 चं मूल सहज 114 वर जातं.

सूज तपासायची तर हमखास राहून जाते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने 3 सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला आणि दुसऱ्या आजाराची सूज नसेल, तर दंडघेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच. अंगातल्या पाण्याने वजन वाढतं, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबलं की जिवाला धोका असलेली नेमकी हीच मुलं निसटतात.

आणि पाहणी त्या दिवसापुरती असते. वर्षभरात नव्याने आजारी पडणारी मुलं तिच्यात येत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच आकड्यावर उपचार-आहाराची पाकिटं मागवली तर ती अर्ध्यातच संपतात.