दालचिनी, तज आणि सोलणाऱ्याची मजुरी

खानापूर तालुक्यातील वाचनालयांच्या मदतीसाठी मंडळाने श्रीलंकेची अख्खी दालचिनी विकावी, या प्रस्तावावर ‘रविवार पेठेत हीच निम्म्या दरात मिळते’ असा आक्षेप घेतला गेला आहे, त्यात थोडी भर घालतो. स्वस्तात मिळते ती बहुधा तज असते: जाड, टणक, एकाच पदराची वळलेली साल. सिलोनी दालचिनीच्या काडीत कागदासारखे पातळ पदर एकात एक बसवलेले असतात आणि ती बोटांनी चुरडता येते. तजमध्ये कुमारिन हे नैसर्गिक सुगंधी रसायन बरेच जास्त असते; मसालेभातात तुकडाभर टाकणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये, पण रोज चमचाभर चूर्ण घेणाऱ्याच्या यकृताला ते बाधू शकते.

दरातला खरा फरक मजुरीचा आहे. कोवळ्या फांदीची वरची साल खरवडून, पितळी दांड्याने घासून आतली साल अखंड सोडवणे आणि तिचे पदर एकात एक भरून वाळवणे हे काम आजही मुख्यतः हातानेच होते, आणि त्यात मुरलेले कारागीर कमी होत चालले आहेत. म्हणून पुरवठादाराला मंडळाने पहिला प्रश्न सोलणाऱ्याच्या मजुरीचा विचारावा. ती मारून वाचनालयाला देणगी देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणे होय. पाकिटावरही ‘नफ्यातील काही वाटा’ असे मोघम न छापता वाचनालयाला जाणारी रक्कम रुपयांत छापावी. पूड मात्र विकूच नये, कारण तिच्यातली भेसळ नजरेला ओळखू येत नाही.